पूरा म्हणजे काय

आधी माफी मागतो. हे लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरात रजेच्या अर्जाहून लांब काही कोणी लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बाबा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. मराठी मी शाळेत शिकलो नाही, रायपूरला आमची शाळा हिंदीच होती. विहारातले एक निवृत्त काका दर रविवारी मला जुनी मासिकं वाचायला बसवत. जे काही आलं ते त्यातून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालवून घ्यावं.

दुसरी माफी अशी की ज्याबद्दल लिहायचं आहे ते फौजेतल्या लोकांचं काम आहे आणि मी वर्दी घातलेली नाही. बंदूक मी बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याकडेच पाहिली आहे. पण मागच्या पावसाळ्यात मला एक प्रश्न चिकटला. मी एक शब्द चुकीचा ऐकला, त्यामुळे कुठे जंगलात माणसं पाण्यात गेली असतील का? तो प्रश्न आणि त्याचं मला मिळालेलं उत्तर, एवढंच इथे आहे.

कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या काही महिने आधी सरांनी वर्गात विचारलं होतं, छत्तीसगढ़ी कोणाकोणाला समजते. मी हात वर केला. काम समता कॉलोनीत होतं, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही सहा विद्यार्थी कानाला हेडफोन लावून बसायचो. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा, तो हेडफोनमधूनही ऐकू यायचा. आमच्यावर एक ताई होत्या, सगळे त्यांना दीदी म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्म भरून घेतला. कोणत्या भाषा येतात या रकान्यात मी हिंदी, इंग्रजी, छत्तीसगढ़ी लिहिलं. मराठी लिहिलं नाही. ती घरातली गोष्ट, फॉर्मवर काय लिहायची, असं वाटलं.

काम असं होतं. जंगलातल्या कॅम्पमधून जवानांची तुकडी बाहेर पडायची असते. तिला तिथे पार्टी म्हणतात. निघण्याआधी वाटेतल्या गावांना फोन करून रस्ता कसा आहे, नाल्याला पाणी किती आहे हे विचारतात. ती उत्तरं रेकॉर्ड होतात. आता एक यंत्र ती उत्तरं ऐकतं, त्यात पावसाचे आकडे आणि जुनी माहिती मिसळतं आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्या वाटेला रंग देतं. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. हे यंत्राला शिकवायचं आमच्याकडे होतं. जुनी रेकॉर्डिंग ऐकायची आणि प्रत्येकावर रंगाची खूण करायची. अशा खुणा हजारोंनी झाल्या की यंत्र आपणहून रंग द्यायला लागतं, असं दीदींनी समजावलं होतं. काही कॅम्पांत ते सुरूही झालं होतं, नव्या खुणांनी सुधारत होतं.

मला हे काम आवडलं, कारण माझा मोठा भाऊ अशाच एका कॅम्पच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. तो बारावीनंतर भरती झाला, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. आपण दादाच्या पडद्यात रंग भरतोय, असं मनात यायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

ती क्लिप उन्हाळ्याच्या तोंडाशी कधीतरी आली. तारीख आठवत नाही, पण आवाज आठवतो. म्हातारी बाई होती, मागे शेळी ओरडत होती. फोन करणारा जवान विचारतो, "रास्ता ठीक है, अम्मा?" ती म्हणते, "हव." मग थोडं थांबते आणि म्हणते, "नरवा म पूरा हे, साहेब." नरवा म्हणजे नाला, हे मला माहीत होतं. खालून दाताचं मशीन सुरू झालं, मी परत एकदा ऐकलं. हव म्हणजे हो. पूरा म्हणजे पूर्ण. म्हणजे नाल्यापर्यंत वाट पूर्ण आहे. मी हिरवी खूण केली आणि पुढची क्लिप लावली.

मे महिन्यात दादा सुट्टीवर आला. आमचं घर पुरानी बस्तीत, दोन खोल्यांचं. बाबा रेल्वेत गेटमन आहेत, शहराबाहेरच्या एका फाटकावर. त्या दिवशी त्यांची ड्यूटी संध्याकाळची होती, म्हणून दुपारी सगळे एकत्र जेवत होतो. दादा त्या पडद्याचं कौतुक करत होता.

"आधी का व्हायचं बाबा, साहेब म्हणे मले वाटते जा, तर जायचं. त्याहिले बायकोनं फोनवर झापलं असन तर त्या दिवशी वाटणंही तसंच. आता पडद्यावर दिसते. एकदा लाल आला, साहेब चिडले, पण थांबले. दुसऱ्या दिवशी समजलं, पुलाखालची माती वाहून गेली होती. गाडीत अकरा जण जाणार होते."

"अन् हिरवा आला तर?" बाबांनी विचारलं.

"हिरवा आला का जायचं."

"त्या गाववाल्यानं का म्हटलं ते कोणी ऐकत नाही?"

"बटण आहे ना ऐकायचं. रंगाच्या खालीच आहे. पण टाइम कोणाले हाये? अन् खरं सांगू का, हिरवं दिसलं का डोकं झोपते."

बाबा थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे स्टेशन मास्तर फोन करते, गाडी सुटली, फाटक लाव. फाटक लावलं का आपण त्याले नंबर द्यायचा. नंबर म्हणजे फाटक बंद झालं असा वादा. एक जण होता आमच्यात. तो आधी नंबर देऊन टाके, मंग उठून फाटक लावाले जाय. वर्षभर काही झालं नाही. एक दिवस उठताना त्याच्या पायाले मुंग्या आल्या होत्या."

"मंग?" आईने विचारलं.

"मंग का? ट्रॅक्टर होता. माणूस उडी मारून वाचला." बाबांनी ताट सरकवलं. "नंबर देल्यानं फाटक बंद होत नाही."

मी हिंदीत म्हणालो, "बाबा, वो मशीन हम लोग ही सिखा रहे हैं। मैं भी।" घरात मी हिंदीतच बोलायचो. आई-बाबा मराठीत विचारत, मी हिंदीत उत्तर देत असे. दादा सोडला तर आमच्या वयाचे सगळेच तसे.

दादाचा घास हातातच राहिला. "तू? तू शिकवून राहिला त्या मशीनले?"

"याले भाजीवालीचं बोलणं समजत नाही," आई म्हणाली, "अन् हा मशीनले शिकवून राहिला!"

"मंग तर आम्ही मेलोच बे, पोट्ट्या!" दादा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

त्या सुट्टीनंतर मी प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायला घेतला. त्यात एक प्रकरण फायदे आणि तोटे असं होतं. शाळेपासून प्रत्येक परीक्षेत हा प्रश्न येतो, धरणाचे फायदे-तोटे, मोबाइलचे फायदे-तोटे, त्यामुळे मला ते सोपं वाटलं. फायद्यांत लिहिलं की निर्णय लवकर होतो, थकलेल्या माणसाला मदत होते, साहेबांच्या मूडवर काही राहत नाही. दादाची पुलाची गोष्ट नाव न घेता घातली. तोट्यांत लिहिलं की वीज लागते, नेटवर्क लागतं, प्रशिक्षण लागतं. हिरवं दिसलं की डोकं झोपतं, हेही लिहायचं मनात होतं, पण ते रिपोर्टच्या भाषेत कसं लिहायचं ते कळेना. सोडून दिलं.

भादव्यात एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. आई दारात भाजीवालीशी बोलत होती. ती नदीपलीकडच्या गावाहून येते आणि आईला दीदी म्हणते. ती म्हणाली, "कालि नइ आवँव दीदी. हमर नरवा म पूरा आय हे."

"काहून वो," आई म्हणाली, "लय पूर आला का?"

"हव, अब्बड़ पूरा हे."

मी एक बूट घालून उंबऱ्यावर बसलो होतो. दुसरा हातात होता. आईने तो शब्द ऐकला आणि विचारही न करता आपल्या भाषेत फिरवला. पूरा म्हणजे पूर. माझ्या घरात जन्मापासून बोलला जाणारा शब्द, फक्त शेवटी एक काना जास्त. मला छत्तीसगढ़ी येते असं मी फॉर्मवर लिहिलं होतं. मला मराठी येत होती, ते लिहिलं नव्हतं. आणि त्या म्हातारीचं बोलणं मी तिसऱ्याच भाषेत ऐकलं.

आई म्हणाली, "काहून रे, पाय दुखते का?" मी नाही म्हणालो आणि कॉलेजला न जाता समता कॉलोनीत गेलो.

आधी मी बाकीच्यांना विचारलं, नरवा म पूरा हे म्हणजे काय. आम्ही सहा जण होतो, त्यातला खेड्यातून आलेला एकटाच मुलगा होळीच्या आधीच काम सोडून गेला होता. उरलेल्या चौघांपैकी तिघे म्हणाले, "पूरा मतलब पूरा। कम्प्लीट।" चौथी म्हणाली, तिच्या आजीकडे पुराला असंच काहीतरी म्हणतात, पण तिने खूण कोणती केली ते आठवत नाही. म्हणजे मी एकटा नव्हतो. त्याने मला बरं वाटायला हवं होतं. पण एकट्याची चूक यंत्रात बुडून गेली असती. चार-पाच जणांनी तीच चूक केली तर यंत्र ती चूक शिकणार होतं. आम्ही त्याला शिकवलं असणार की नाल्याला पूर आला म्हणजे वाट हिरवी.

दीदींनी मला बसवून पाणी दिलं. त्या चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. म्हणाल्या, "तुम लोगों का बैच तो कब का ऊपर चला गया, भैया। मैं लिख के भेज देती हूँ। पर तू इतना मत सोच। दो-चार गलती तो मान के चलते हैं। मशीन अकेला थोड़ी फैसला करता है, वहाँ आदमी बैठा है।"

तिथे कोण बसलं आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

दादाचा फोन लागत नव्हता. पावसात तिकडचा टॉवर बंद पडतो, तीन-चार दिवस लागत नाही, हे नेहमीचं होतं. मी मेसेज टाकला. बराच वेळ लिहून खोडत होतो, कारण पहिल्यांदाच दादाला मराठीत लिहीत होतो. शेवटी एवढंच लिहिलं: "पूरा म्हणजे पूर. आम्ही मशीनला चुकीचं शिकवलं. हिरवं असलं तरी बटण दाबून ऐक. पूरा ऐकू आलं तर पार्टी सोडू नको." त्यापुढे एकच टिक आली. दुसरी आली की मेसेज पोहोचला, असं असतं.

नऊ दिवस एकच टिक होती. ते दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. पाऊस रायपूरला फारसा नव्हता, तिकडे किती आहे ते कळत नव्हतं. वाचनालयात मी वर्तमानपत्राचं आतलं पान आधी उघडायचो, जिथे जंगलातल्या बातम्या दोन-दोन ओळींत येतात. काही नसलं की बरं वाटायचं, मग वाटायचं, अजून आली नसेल. आणि हव हा शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला. तो इथे दिवसभर कानावर पडतोच. रिक्षावाला म्हणतो, चहावाला म्हणतो, शिपाई म्हणतो. मी कधी ऐकला नव्हता. आता प्रत्येक वेळी मी थांबून वाट पाहायचो, की यानंतर हा माणूस आणखी काय म्हणतोय. बहुतेक वेळा तो काहीच म्हणायचा नाही. माणूस पुढे निघून जायचा आणि माझ्या कानात ती म्हातारी वाक्य पूर्ण करायची, शेळीच्या आवाजासकट. जेवताना, नळाखाली तोंड धुताना, लेक्चरमध्ये. ती घाईत नव्हती, तिने नीट सांगितलं होतं. तिला वाटलं असेल की साहेबांना कळलं.

घरी मी सांगितलं नाही. आई म्हणायची, "सुकून चालला हा पोट्टा, परीक्षेचं टेन्शन घेऊन राहिला." बाबा एकदा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते, पण त्यांनी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी दोन टिक दिसल्या आणि लगेच दादाचा फोन आला. तिकडे वारा होता, आवाज तुटत होता.

"भेटला बे तुहा मेसेज. आम्ही सगळे ठीक हावोत."

मी नाक ओढलं.

"आहे ना लाइनवर? रडून राहिला का? अबे, पावसानं कोणी बाहेरच निघालं नाही इतके दिवस. मशीन हिरवा दाखवे का पिवळा, काय फरक पडते?" मग तो गंभीर झाला. "पण चांगलं केलं सांगून. मी पण पूरा म्हणजे पूर्णच समजलो असतो. आपण दोघं सारखेच बहिरे. आता मी बटण दाबूनच सोडतो पार्टी."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आईने दोनदा वाढलं. मी तिला मराठीत म्हणालो, "बस, आई," तर तिने वळून पाहिलं. दीदींनीही आठवड्याने सांगितलं की वरून उत्तर आलंय, दुरुस्ती करणार आहेत. मी रिपोर्टमधलं फायदे-तोट्यांचं पान बदललं. तोट्यांत लिहिलं की शिकवणाऱ्याला जे ऐकू येत नाही ते यंत्रालाही ऐकू येत नाही. खाली उपाय म्हणून लिहिलं: ऑपरेटरने मूळ बोलणं स्वतः ऐकावं. तोंडी परीक्षेला सरांना ते फार आवडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्यांनी ते वाचून दाखवलं.

मग दसऱ्यानंतर दादाचे फोन कमी झाले. आईशी बोलायचा, मला दे म्हणायचा नाही. मला वाटलं कामात असेल.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी तात्यापाऱ्यातल्या एका दुकानात रिपोर्ट बांधायला दिला होता. दुकानदाराने पुठ्ठ्याला गोंद लावला होता आणि सोनेरी अक्षरांत काय छापायचं ते विचारत होता. तेवढ्यात दादाचा फोन आला. मी रस्त्यावर आलो.

"कुठी हाये?" त्याने विचारलं.

"बाइंडिंगवाल्याकडे."

"बरं." गाड्यांच्या आवाजात मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "कोणाले तरी सांगाचं होतं. आईले सांगू नको."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"नाल्याच्या तिकडे आमची एक छोटी पोस्ट आहे. तिथं एक जवान होता, तीन दिवसांपासून ताप. गोळ्यांनी उतरे, पुन्हा चढे. ढगामुळं हेलिकॉप्टर येईना. म्हणून पायी पार्टी पाठवून त्याले इकडे आणायचं ठरलं, इथं डॉक्टर हाये. सकाळी पडद्यावर हिरवा आला. मी बटण दाबलं. एक बाई बोलून राहिली होती. पूरा म्हणाली."

"मग?"

"मंग मी हेडफोन काढला अन् साहेबाले म्हटलं, सर, मशीन चुकून राहिली, नाल्याले पूर हाये. साहेबानं पडद्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. म्हणे, तू ऐकलं ना स्वतः? मी म्हटलं, ऐकलं. पार्टी थांबवली."

"बरोबरच केलं दादा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो.

"ऐक ना." त्याचा आवाज खाली गेला. "संध्याकाळी मी ते पुन्हा लावलं. पूर्ण लावलं. बाई म्हणून राहिली होती, पूरा उतर गे हे साहेब. पूर उतरला, असं. मी पूरा ऐकलं अन् हेडफोन काढून टाकला होता. पुढचे दोन शब्द ऐकलेच नाही. मशीननं ऐकले होते."

दुकानदार आतून हाक मारत होता, भैया, नाव काय छापू. मी हाताने थांब म्हणालो.

"मग तो जवान?" मी विचारलं.

"तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी. पार्टी संध्याकाळीच निघाली होती, मी साहेबाले सांगतल्यावर. पोचली तवा त्याले शुद्ध नव्हती."

दादाने माझ्या मेसेजचा विषय काढला नाही. साहेबांनी रिपोर्टमध्ये खराब हवामान लिहिलं, एवढं म्हणाला. मग मी विचारलं, पार्टी गेली तेव्हा नाल्याला पाणी किती होतं. का विचारलं मला माहीत नाही.

"गुडघ्यापर्यंत," दादा म्हणाला. "सकाळीही तेवढंच असन. बूट ओले झाले फक्त."